बाबली धुरीचा आकडा

१

बाबली धुरी आयुष्यात पहिल्यांदाच एस.टी.तून आडवा होऊन आला. एरवी मालवण-खारेपाटण गाडीत त्याची जागा स्टिअरिंगमागे. त्या संध्याकाळी मात्र तो मागच्या लांब बाकावर पडला होता, डोकं कंडक्टर लवूच्या मांडीवर, आणि गाडी चालवत होता दुसराच ड्रायव्हर. कांदळवाडीच्या धर्मादाय दवाखान्यासमोर गाडी थांबली, चौघांनी बाबलीला उचलून आत आणलं. चेहरा पिकल्या रातांब्यासारखा लाल, छाती धडधडतेय, आणि ओकून ओकून पोटात काही उरलेलं नाही.

खिडक्यांतून डोकावणाऱ्या उतारूंनी निकाल तिथल्या तिथे देऊन टाकला.

"ढोसल्यान परत! सुंभ जळलो तरी पीळ जाणा नाय!"

नीरजाने पुढे होऊन खिडकीचं दार लावून घेतलं. तिला या लोकांचा राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, की त्यांचंच खरं निघालं तर?

नीरजा मूळची सांगलीची. दोन वर्षांपूर्वी या दवाखान्यात समाजसेविका म्हणून आली. दर बुधवारी दारू सोडू पाहणाऱ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलत बसायचं, हे तिचं मुख्य काम. दुसरं काम रुक्ष होतं. नवा जिल्हा झाल्यापासून प्रत्येक रोग्याच्या केसपेपरवर रोगाचं नाव न लिहिता आकडा घालायचा हुकूम आला होता. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. हिवतापाला एक आकडा, विंचवाला एक. दारूच्या अतिरेकाला तीनशे पाच आणि जडलेल्या व्यसनाला तीनशे तीन. पहिला आकडा म्हणजे माणूस घसरलाय, दुसरा म्हणजे पार रुतलाय.

बाबलीचा आकडा तीनशे पाच होता. तो स्वतःच्या पायांनी आला होता, दारू सोडतो म्हणाला होता, आणि शिमग्यापासून रोज सकाळी बायको सावित्रीसमोर डॉक्टरांची गोळी घेत होता. ती गोळी मोठी खट्याळ. नुसती घेतली तर काही होत नाही. पण वर दारूचा घोट गेला की माणसाचा चेहरा लाल होतो, काळीज उडतं, भडाभडा ओकारी होते.

डॉक्टर काशिनाथ प्रभुदेसाईंनी इंजेक्शन दिलं, नाडी पाहिली आणि खुर्चीत बसले.

"किती घेतलीस, बाबली?"

"थेंब नाय, डॉक्टरांनू. पोरांच्या शपथेन सांगतंय. मी पिऊक नाय."

"मागच्या आठवड्यातही खारेपाटणलाच चेहरा लाल झाला होता. तेव्हाही प्यायला नव्हतास?"

बाबलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या खाकी शर्टावर छातीपाशी तपकिरी डाग होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. नीरजाला तो आला, डॉक्टरांनाही आला.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "नीरजाबाई, मला वाईट वाटतंय. पण माणूस खोटं बोलतो, गोळी बोलत नाही. दारू पोटात गेल्याशिवाय असं होत नाही. गोळी घेऊनही जो पितो त्याला तीनशे तीनच म्हणायचं. शनिवारी डेपोला कागद जाईल."

"म्हणजे गाडी गेली त्याच्या हातातून. कायमची."

"पन्नास माणसं बसतात हो त्या गाडीत!"

 नीरजा आत गेली. बाबली टक्क जागा होता. तिला पाहून तो हळूच म्हणाला, "बाईनू, माझ्या नकळत मी पितंय काय? आता माकाच माझो भरवसो वाटणा नाय."

ते ऐकल्यावर नीरजाने ठरवलं, की डॉक्टरांची गोळी खरी आणि बाबलीही खरा, असं धरून चालायचं. मग प्रश्न एकच उरत होता. बाबलीला दारू पाजली कुणी?

२

पहिला संशय लवू कंडक्टरवर, आणि तो अगदीच हवेतला नव्हता. बाबली प्यायचा तेव्हा रोजचा जोडीदार लवूच. एकाने सोडली की दुसऱ्याच्या पेल्यात माती पडते, हे बुधवारच्या बैठकीत नीरजाने कितीदा ऐकलं होतं.

शुक्रवारी भल्या पहाटे ती मालवण स्टँडवर गेली. लवू फलाटावर उभा राहून हापूसच्या पेट्या गाडीत चढवून घेत होता. आंब्याच्या दिवसांत गाडी माणसांची आणि पेट्यांची निम्मी निम्मी असते. ड्रायव्हरच्या सीटखालीसुद्धा गवताने भरलेल्या पेट्या कोंबलेल्या होत्या.

"लवू, खरं सांगायचं. खारेपाटणला काय झालं?"

"काय जावचा! गाडी लागली, आम्ही वडाखाली जेवलाव. भाकरी, बांगड्याची किसमूर. तेणा आपली बाटली काढल्यान, प्यालो, पान खाल्ल्यान. गाडीत चढाक गेलो नि तोंड ह्या असा लाल!"

"पान कुणी दिलं?"

"मी दिलंय." लवू चपापला. "म्हणजे तुमी माकाच धरलास? बाईनू, तेणा सोडल्यान तेवा माका राग इल्लो, नाय कित्याक म्हणू? एकट्यान बसाचा म्हणजे मयतार बसल्यासारखा वाटता. पण तेच्या पोरांच्या तोंडातलो घास काढीन इतको मी नीच नाय!"

त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. नीरजा जरा नरमली.

"आणि बाटलीत काय होतं?"

"घरातला. सावित्री वयनीन भरून दिलेला. ती दारयेच्या नावान थुकता, ती काय दारू भरतली?" लवू हसला. "उलट अर्धा वायाच गेला. बूच काढताना सगळा तेच्या शर्टार उडाला. दिसभर इंजिनाकडे ऱ्हवता ना बाटली, पेट्यांमुळे दुसरीकडे जागाच नाय."

तेवढ्यात गाडी सुटायची वेळ झाली. लवूने पाय पायरीवर ठेवला आणि वळून म्हणाला, "माका इचारतास त्यापेक्षा गुरुदासाक इचारा. बाबलीचो मेवणो. काजूच्या दारयेची भट्टी आसा तेची. बाबलीन सोडल्यापासून तो तेच्याशी बोलणा नाय."

३

गुरुदासची भट्टी कांदळवाडीच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेत होती. तिचा पत्ता गावात शेंबड्या पोराला ठाऊक होता. ठाऊक नव्हता फक्त सरकारला.

नीरजा घामाघूम होऊन वर पोचली तेव्हा गुरुदास दगडी कुंडीत उभा राहून काजूचे बोंडू तुडवत होता. पिवळ्या-लाल फळांचा रस पन्हळीतून खालच्या मडक्यात पडत होता. पलीकडे दोन मोठी पिंपं फडक्याने तोंड बांधून ठेवलेली. नीरजा जवळून गेली तर आतून फसफस ऐकू आली.

"येवा, बाईनू. गिऱ्हाइकां पळवतास ती पळवतास, आता भट्टीरय इलास?"

"बाबलीला दारू कुणी दिली ते शोधतेय."

गुरुदास कुंडीतून बाहेर आला. अंगाने आडदांड, मिशा झुपकेदार, पण बहिणीचं नाव काढलं की विरघळणारा, अशी त्याची गावात ख्याती होती. आज मात्र तो विरघळायला तयार नव्हता.

"मी दिलंय असा वाटता? बाबलीन दारू सोडल्यान तेवा माझी भैण चार वर्सांनी पयल्यांदा हसली. मी भट्टीवालो आसंय, पण भाऊ पयलो. तो दारात इलो तर तेचे तंगडे मोडून ठेवीन, असा सांगून ठेवलंय तेका. म्हणान बोलणा नाय तो माझ्याशी!"

म्हणजे अबोला उलट बाजूने होता. नीरजाच्या हातातला दुसरा धागाही तुटला. ती उठली.

गुरुदासने पाय धुतले, फडक्याने पुसले आणि सहज म्हणाला, "माझ्याकडसून त्या घरात जाता ता एकच. पण ता सावित्रीच न्हेता. रोज सकाळी फटफटताना येता आणि तांब्यो भरून न्हेता."

 भट्टीवरून? आणि तेही सावित्री?

४

सावित्री धुरी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. नीरजाला पाहून तिने हात पदराला पुसले आणि बसायला पाट दिला. गेले दोन महिने दर बुधवारी ही बाई नवऱ्याशेजारी बसून सगळं कान देऊन ऐकत असे. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे नीरजाच्या जिवावर आलं होतं.

"सावित्रीबाई, गुरुदासकडून रोज काय आणता?"

"नीरो." सावित्री इतक्या सहज म्हणाली, जसं कुणी म्हणावं की पाणी.

"नीरो म्हणजे?"

सावित्रीला हसू आवरेना. "तुमका नीरो म्हायत नाय? बोंडवांचो रस गो बाय! ताजो, गोड. उन्हाळ्यात अंगाक थंड. पोरांटोरां पितत, माझी सासू उपासाक घेता. थांबा."

तिने आतून तांब्या आणला, पेल्यात ओतला, मीठ आणि मिरपूड टाकली. नीरजाने भीत भीत ओठ लावले. तुरट, गोड, वासाला उग्र, पण निखालस फळाचा रस. तिने पेला रिकामा केला.

"ह्यात दारू नाही?"

"दारू?" सावित्रीचा चेहराच पडला. "बाईनू, ता तुमीच सांगलास. पयल्याच बुधवारी. म्हणालास, दारू सुटली की हात मोकळो ऱ्हवता, तेच्यात कायतरी गोड देवा, घरचा देवा. म्हणान मी बाटली भरून देतंय. आचऱ्याच्या फेरीक गेले की धाच्या सुमाराक पितत. खारेपाटणाक गेले की जेवताना. चवीक मीठ-मिरी घालतंय. ह्यात माझा काय चुकला?"

काहीच चुकलं नव्हतं. नीरजा स्वतःवरच चिडली. भावाने बहिणीला फळांचा रस दिला, बायकोने नवऱ्याला दिला, आणि आचऱ्याला जाताना तोच रस पिऊनही बाबलीला कधी काही झालं नव्हतं. हा धागाही संपला. तीनशे तीनचा कागद उद्या जाणार होता.

निघताना सावित्रीने बळेच एक बाटली तिच्या हातात दिली. फुगीर पोटाची, हिरव्या काचेची, बूच घट्ट बसवलेली.

"ह्यांचीच बाटली. आता रिकामीच आसा घरात," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. "नुसती विसाळून भरलंय हां. वाटेर पिवा."

नीरजाला पिणं सुचलंच नाही. दवाखान्यात पोचल्यावर तिने ती बाटली खिडकीत ठेवली, रोग्यांची रांग पाहिली आणि बाटली साफ विसरून गेली. वैशाखाचं ऊन खिडकीतून आत येत राहिलं.

५

दुपारी जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी बाबलीचा केसपेपर पुढे ओढला.

"उद्याची गडबड नको. आत्ताच लिहून टाकतो." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "तुमचा काही शोध?"

"नाही," नीरजा म्हणाली. ती रडायच्या बेतात आली होती. "कुणीच पाजलेली नाही, डॉक्टर. आणि तो खोटंही बोलत नाही."

"मग काय दारू आभाळातून पडली?"

ठप्प!

खिडकीतलं बूच उडून छताला लागलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर पडलं. बाटलीतून फेस उसळला. अर्धा नीरजाच्या साडीवर, उरलेला पडद्यावर. कॉटवरचा बाबली धडपडून उठून बसला.

नीरजा पडद्याकडे पाहत राहिली. तिथे तपकिरी डाग पसरत होते. आंबूस वास खोलीभर झाला. ती एकदम हसायलाच लागली, आणि हसता हसता तिने बाटली उचलून डॉक्टरांपुढे धरली.

"चाखून बघा."

काशिनाथ प्रभुदेसाई याच मातीतले. लहानपणी घागरीने नीरो प्यायलेले. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हा नीरो नाही. हा भट्टीच्या वाटेला लागलेला माल आहे!"

"सकाळी मी स्वतः हाच प्यायले. नुसता रस होता. ही बाटली उन्हात होती, डॉक्टर. बाबलीची कुठे असते? इंजिनाला टेकून. सीटखाली आंब्याच्या पेट्या, म्हणून. सकाळपासून जेवणापर्यंत ती तिथे शिजत असते."

"पण मग आचऱ्याच्या फेरीला काही होत नाही ते?"

"आचऱ्याला तो दहाच्या सुमाराला पितो. तोवर रस ताजाच असतो. लांबची फेरी, उशिरा जेवण, आणि इंजिनाची धग, तिन्ही जमतात ते फक्त खारेपाटणला. शिवाय बाटली रोज तीच. घासत नाहीत, नुसती विसळतात. तळाशी कालचं राहतं, आणि विरजणासारखं ते आजचं आंबवतं."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरट साका होता. तरी त्यांची उलटतपासणी संपेना.

"चव नाही कळली त्याला? इतकी वर्षं प्यायलेला माणूस!"

"मीठ आणि मिरपूड. शिवाय बायकोने दिलेलं. ज्या बाईने आपली दारू सोडवली तिच्या हातच्या बाटलीवर कोण संशय घेईल? आणि अंमल चढण्याइतकी दारू त्यात कुठे आहे? गोळी नसती तर त्याला ढेकरसुद्धा आला नसता. पण गोळीला थेंबही पुरतो, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"वायच आंबट लागला खरा," बाबली कॉटवरून पुटपुटला. "माका वाटला, बोंडू कच्चो आसात."

 डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, मी त्याला विचारलं, दारू किती घेतलीस. काय काय प्यायलास, हे विचारलंच नाही. विचारलं असतं आणि तो नीरो म्हणाला असता, तरी मी पुढे गेलो असतो. आमच्याकडे नीरो पिण्यात धरतच नाहीत! तुम्ही घाटावरच्या, म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं."

"मलाही कुठे कळलं? मीच सांगितलं होतं सावित्रीबाईंना, गोड काहीतरी द्या म्हणून."

"मग आपण तिघे गुन्हेगार. आणि चौथं ते इंजिन." डॉक्टरांनी जाडं पुस्तक ओढलं. औषधांच्या बाधेचं प्रकरण उघडून बोट खाली नेत नेत ते एका ओळीवर थांबले आणि बाबलीच्या कागदावर तो आकडा घातला. मग पानं उलटत ते पार शेवटाशी गेले.

"तिथे काय आहे?" नीरजाने विचारलं. त्या पानांपर्यंत ती कधी पोचली नव्हती.

"जे आजारी नाहीत, पण दवाखान्यात येतात, त्यांचे आकडे. लस टोचायला आलेले, तपासून घ्यायला आलेले." त्यांनी दुसरा आकडा लिहिला आणि कागद तिच्याकडे सरकवला. "हा, सल्ला घ्यायला आलेल्याचा."

बाबली उठून उभा राहिला होता. एका हाताने कॉट धरून त्याने विचारलं, "डॉक्टरांनू, माझो आकडो काय पडलो?"

"बाबली, तू बरा माणूस आहेस, असा."

बाबलीने मान खाली घातली. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. "म्हणजे मी पिऊक नाय," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "बाईनू, मी खरोच पिऊक नाय."

पुढच्या आठवड्यात नीरजा मुद्दाम खारेपाटणच्या गाडीत बसली. गाडीभर बातमी तिच्या आधीच पोचली होती. गावात बातमीला तिकीट लागत नाही. खारेपाटणला वडाखाली भाकऱ्या सुटल्या. बाबलीने पिशवीतून बाटली काढली. नवी, साफ घासलेली, आत कोकमाचं आगळ घातलेलं पाणी. गावभर आपल्याला ढोसल्यान म्हणणारे उतारू जेवता जेवता थांबून त्या बाटलीकडे बघतायत, हे त्यालाही दिसलं.

"गप ऱ्हवा रे सगळे!" लवू ओरडला.

सगळे गप्प झाले. बाबलीने बूच धरलं, जरा थांबला, आणि हळूच फिरवून काढलं. काही आवाज आला नाही.

तो पोटभर प्यायला, हाताने तोंड पुसलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. लवूने दोनदा घंटी ओढली.